वादाचा भिडू

"कानाला मशीन आणलंय, पण लावतच नाहीत," शेवंतावहिनी रंगरावांना म्हणाल्या. खाटेवर त्यांचा नवरा चंदर भिंतीकडे तोंड करून बसला होता.

फलटणच्या चहाच्या टपरीवर रंगराव आणि चंदर या दोघांनी उभा जन्म वाद घातला होता. नवी गाणी, जुनी नाटकं, देशाची संस्कृती, एकही विषय सुटला नव्हता. पण ऐकू येईनासं झालं आणि चंदरनं टपरीवर येणंच सोडलं. रंगरावांना एकट्यानं चहा गोड लागेना.

रंगराव वहिनींशीच बोलू लागले, मुद्दाम चंदरकडे बोट दाखवत. वहिनी तोंडाला पदर लावून हसल्या. चंदरनं थोडा वेळ दम धरला. मग न राहवून डबीतलं मशीन काढून कानात अडकवलं.

"काय म्हणालास रे?"

"म्हटलं, बँड म्हणजे काय संगीत नव्हे. नुसता गोंगाट!"

सारी हयात बँडात क्लॅरिनेट वाजवलेला चंदर ताडकन उठला. "गोंगाट? तुझ्या वरातीत मी वाजवलं, तेव्हा घोड्यावर बसून कोण रडत होतं?"

रंगरावांना ती वरात लख्ख आठवत होती. पण आता कबूल केलं, तर वाद मिटेल आणि मशीन परत डबीत जाईल.

"डोळ्यात धूळ गेली होती," ते म्हणाले. "आणि हल्ली मराठी पुस्तकं तरी कोण वाचतंय?"

"मी वाचतोय!" चंदरनं पायात चपला सरकवल्या. "चल टपरीवर, तिथं सांगतो तुला."