शेजारच्या भिंतीची ओल

"शेजारचं घर? घ्या की! पण पावडर बघून पोरगी पसंत करू नका. रंगाखाली भिंत ओलीचिंब आहे," गोदाक्कांनी पाव्हण्याला बजावलं.

सूतगिरणी बंद पडल्यापासून कॉलनीतल्या घरांना कुणी विचारत नव्हतं. भिंतीला भिंत लागून असलेली गोदाक्कांचं आणि शेजारचं, ही दोन्ही घरं विकायची होती, आणि गिऱ्हाईक आलं होतं ते हे एकच.

"अशा मंदीतही भाव टिकेल तो माझ्याच घराचा!" गोदाक्कांनी वर ऐकवलं.

पाव्हणा शेजारी सुमनकडं गेला. गोदाक्का कुंपणाशी कान देऊन उभ्या राहिल्या.

"ही ओल कशानं?" त्यानं विचारलं.

गोदाक्कांच्याच गच्चीवरची पाण्याची टाकी फुटकी होती. सुमननं किती विनवलं, पण "तुझी भिंतच रडकी" म्हणून त्यांनी तिलाच हिणवलं होतं.

"आमचा नळ गळतो," सुमन म्हणाली. "अक्कांचं घर मात्र खणखणीत. आधी त्यांचंच बघा. या वयात एकटीनं किती दिवस काढायचे? लेकाकडं जाऊ दे त्यांना."

गोदाक्कांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. कुंपणावरूनच त्या ओरडल्या, "अहो पाव्हणं, तिच्या नळाला काय धाड भरलीय? फुटकी टाकी माझी आहे!"