इंजिनाचा श्वास

कारखान्यांनी जमिनीखाली कोंडलेला कार्बन डायऑक्साइड वायू बाहेर फुटून दरीत साचला, तसं गाव चालत डोंगरावर गेलं. आबांना चालवत नव्हतं, म्हणून त्यांची मेकॅनिक लेक सुगंधा मागे राहिली. आबांना आणि स्वतःला प्राणवायूच्या नळकांड्याचा मास्क लावून तिने बंद जीपचं इंजिन उतरवून पुन्हा बांधलं.

सेल्फ मारला की ते फिरायचं, पण पेटत नव्हतं. डिझेल येत होतं, दाबही ठीक होता. शेवटी तिने काडी ओढली. ती फुरफुरून लगेच विझली.

“इंजिनालाही हवा लागते, आबा,” ती हताशपणे म्हणाली.

आबांनी आपल्या मास्कची नळी काढून इंजिनाच्या हवा ओढणाऱ्या तोंडात खुपसली. “मार सेल्फ!”

जीप दहा हात सरकली आणि बंद पडली. आबांचं नळकांडं रिकामं झालं होतं.

“आता तरी चालत नीघ,” आबा धापा टाकत म्हणाले.

सुगंधाने स्वतःचा मास्क त्यांच्या तोंडावर धरला. त्यांनी ओठ घट्ट मिटून मान फिरवली.