वाजणारी गाडी

पाना पुन्हा निसटला आणि ग्रंथपालाची बोटं पत्र्यावर आपटली. त्याच्या तोंडून ‘आई गं’सुद्धा निघालं नाही. आई तिथंच, गाडीपासून चार हातांवर खुर्ची टाकून बसली होती.

“राहू दे रे,” म्हातारी म्हणाली. “चालतेय ना गाडी?”

“चालते, पण ओरडते.”

“ओरडू दे की. माणसं नाही का ओरडत?”

“आपल्या घरात नाही ओरडत,” तो म्हणाला.

ते खरंच होतं. वाचनालयात त्यानं वीस वर्षं शांतता राखली होती आणि तीच घरी आणली होती. त्यासाठी त्यानं कधी कुणावर हात उगारला नाही. एकदा ‘हळू!’ म्हणायचा, नाहीतर चष्मा काढून नुसतं बघायचा, तेवढं पुरायचं. घरात खुर्ची सरकवत नसत, उचलून ठेवत. नऊ वर्षांची मुलगी जिना चवड्यांवर उतरायची. आवाज उरला होता तो एकाच गोष्टीचा. रोज संध्याकाळी गल्लीच्या वळणावर त्याची गाडी मांजराच्या शेपटीवर पाय पडल्यासारखी किंचाळायची. कोपऱ्यावरचा दुकानदार मोठ्यानं म्हणायचा, “आले बरं का शांततेचे ठेकेदार!” हे त्याच्या जिव्हारी लागलं होतं. ज्याच्या नुसत्या नजरेनं भरलेलं दालन चिडीचूप होतं, त्याची वर्दी अशी लागावी?

दोष पट्ट्याचा होता. इंजिनाच्या एका अंगाला पाच-सहा पुल्यांवरून नागमोडी फिरणारा एकच लांब पट्टा. तो गुळगुळीत होऊन घसरत होता. गॅरेजवाल्यानं ‘पुढच्या आठवड्यात बघू’ म्हटल्यावर ग्रंथपालानं वाचनालयातून दुरुस्तीचं पुस्तक आणलं, नवा पट्टा आणला आणि रविवारी सकाळी बाह्या सारल्या.

बायको चहा घेऊन आली. काळी झालेली बोटं बघून म्हणाली, “अहो, मी काय म्हणते, गॅरेजवाल्यालाच द्या की. पुढच्या महिन्यात म्हणा हवं तर.”

“आणि महिनाभर हा आवाज ऐकायचा?”

“मला नाही बाई त्रास होत त्याचा.”

“मला तर आवडतो,” मुलगी हळूच म्हणाली.

ग्रंथपालाला भरून आलं. आपल्या बोटांची किती काळजी या तिघींना! त्याचा हुरूप वाढला.

पण गडबड त्यानंच करून ठेवली होती. जुना पट्टा कसा फिरवलाय हे न बघताच त्यानं तो ओढून काढला होता. पुस्तकात चित्र होतं, ते भलत्याच गाडीचं निघालं. पहिल्या खेपेला एक पुली राहूनच गेली. दुसऱ्या खेपेला पट्टा उरला, कमरेला बांधण्याइतका. शेवटी त्यानं पुस्तक मिटलं आणि पुल्यांकडेच नीट बघितलं. खाचा असलेल्या पुल्यांवर पट्ट्याची खाचांची बाजू, साध्या पुलीवर त्याची पाठ. मग कोडं सुटलं. एका हातानं पाना दाबून त्यानं पट्टा ताणून धरणारी पुली मागे धरली, दुसऱ्या हातानं पट्टा शेवटच्या पुलीवर चढवला आणि पाना हळूहळू सोडला. पट्टा घट्ट बसला.

त्यानं गाडी चालू केली. इंजिन झोपेत गुणगुणल्यासारखं फिरू लागलं. बाकी चूं नाही.

“घ्या!” तो म्हणाला.

तिघी गाडीकडे बघत उभ्या राहिल्या, कुणीतरी गेल्यासारख्या.

“झालं बाई,” म्हातारी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो वळणावर आला. दुकानदारानं मानही वर केली नाही. ग्रंथपालानं गाडी लावली, दार अलगद लोटलं आणि तृप्त मनानं पायऱ्या चढला. बेलवर बोट ठेवलं आणि तसाच थबकला.

आत कुणीतरी गात होतं.

आधी त्याला वाटलं, आपण दार चुकलो. पण आवाज त्याच्या बायकोचा होता. खुल्या गळ्याचा, वर चढत जाणारा. डब्यावर कुणीतरी ताल धरला होता. लहान पावलं टाचा आपटत नाचत होती. मग गाणं थांबलं आणि एक जाड आवाज आला, “हळू! हा काय बाजार आहे?”

ग्रंथपाल दचकला. तो त्याचाच आवाज होता. फक्त तो आईच्या तोंडून आला होता.

तिघी खदखदून हसल्या. हसता हसता म्हातारीला ठसका लागला. आईला हसताना ठसका लागतो, हे तो पार विसरून गेला होता.

“पुरे आता,” बायको म्हणाली. “यायची वेळ झाली त्यांची.”

“अजून कुठे?” मुलगी म्हणाली. “गाडी वाजली नाही अजून. म्हण ना पुढचं!”

बायकोनं पुढचं कडवं घेतलं. ओळ अर्ध्यावर आली आणि तुटली.

“अगं,” तिचा आवाज एकदम खाली आला, “पट्टा तर काल बदलला.”

आत सगळं थांबलं. ताल, पावलं, ठसका. रोज दार उघडल्यावर जी शांतता त्याला भेटायची, तीच ही. ती तयार होताना मात्र त्यानं आज पहिल्यांदा ऐकली.

गाणं त्याला येत होतं. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी ती ते येता-जाता म्हणायची.

बेलवरचं बोट त्यानं काढून घेतलं आणि बंद दाराकडे तोंड करून, बेसूर पण मोकळ्या गळ्यानं, तिची अर्धवट राहिलेली ओळ पुरी केली.