नवव्या वाक्याचा पुरावा

"नवव्या वाक्याला संदर्भ मिळाला नाही, तर ते दुसऱ्या आवृत्तीतून काढावं लागेल," यशोधराताई फोनवर म्हणाल्या, आणि भीमराज सरांचं डोकंच फिरलं.

क्रीडाकोशातली 'दूरदर्शनवरील हॉकी' ही नोंद सरांचीच. पहिली आवृत्ती घाईत निघाली, संदर्भ द्यायचे राहून गेले. आता, १९९६ साली, संपादिका यशोधराताईंनी नऊ वाक्यांपुढे लाल पेनाने 'संदर्भ?' लिहून नोंद परत पाठवली होती. आठ वाक्यांसाठी सरांनी महिनाभर नगरच्या वाचनालयात धूळ खाल्ली, जुन्या पेपरांचे गठ्ठे सोडले आणि तारीख-पान लिहून दिलं. नववं वाक्य मात्र कुठल्याच पेपरात नव्हतं: '१९८५च्या राज्य स्पर्धेच्या अंतिम सामन्यातला विजयी गोल देवळाली प्रवराच्या हैदर शेखने केला.' पेपरांनी नुसता निकाल छापला होता.

"मुंबईचा पोरगा असता तर मागितला असता का पुरावा?" सर ओरडले.

"सर, आक्षेप आलाय."

"कुणाचा?"

"ते सांगता येणार नाही."

सरांनी फोन आपटला.

हैदर त्यांचाच विद्यार्थी. पहिली स्टिक त्यांनीच त्याच्या हातात दिली होती. चार वर्षांपूर्वी तो उसाच्या ट्रॅक्टरखाली गेला. लग्न नाही, मूल नाही. त्याच्या नावाचं हे एवढं एकच वाक्य छापलेलं होतं, आणि तेही कुणाच्या तरी डोळ्यांत खुपत होतं. हलकट लेकाचे!

सामन्याच्या दिवशी सर स्वतः कामासाठी पुण्याला होते, त्यांनी सामना पाहिलाच नव्हता. पण गावाने सामना ग्रामपंचायतीच्या टीव्हीवर पाहिला होता. सर तडक देवळालीला गेले.

"मुंग्या आल्या हुत्या टीव्हीवर," हैदरच्या शेजारच्या झुंबरबाई म्हणाल्या. "पर गोल झाला तशी इमामबी उठून वरडली, 'माझा हैदर!' मग आमी समद्यांनी टाळ्या वाजिवल्या."

"सही करा इथं."

अशा तेवीस सह्या जमल्या. चोविसावी हैदरच्या आईची घ्यायची, म्हणून सर इमामबींच्या दारात गेले. त्यांनी चहा ठेवला. कागदाकडे पाहिलंसुद्धा नाही.

"सर, काढत्यात तर काढू द्या."

"का काढू द्यायचं? त्यांच्या बापाचा कोश आहे का?"

"तुमी लई केलं त्याच्यासाठी. आता बास."

लेकरू गेलं, आता त्याचं नावही जातंय. भांडायचं बळच उरलं नाही बिचारीत, असं सरांना वाटलं. त्यांचा संताप दुप्पट झाला.

शनिवारी कोशाच्या सावेडीतल्या कार्यालयात शिरताच त्यांनी तो कागद टेबलावर आदळला.

"तेवीस साक्षीदार! आता त्या आक्षेपवाल्याला माझ्यापुढे उभा करा. मेलेल्या पोराच्या नावावर जळणारा कोण आहे, ते मला बघू द्या!"

"सर, बसा."

"बसणार नाही. नाव सांगा!"

यशोधराताईंनी खणातून एक अंतर्देशीय पत्र काढलं.

"तुम्हाला दाखवू नका, असं यात लिहिलंय. पण तुम्ही ऐकणार नाही."

सरांनी पत्र हिसकावलं आणि उभ्या उभ्या वाचायला लागले.

'बाईसाहेब, मी इमामबी, हैदरची आई. पोस्टमनला सांगून लिहून घेती. त्या दिवशी टीव्हीवर मला काय बी दिसलं न्हाई. हौसंनं वरडले, अन् गावानं खरं मानलं. हैदर घरी आला अन् म्हनला, अम्मी, मी बाकावरच बसून हुतो, लोकांना सांगून टाक. मीच त्याला गप केलं. सरांना सांगायला तोंड न्हाई, त्यांना दाखवू नका. ज्यानं गोल मारला त्याला बी आई आसंल, तिच्या लेकाचं नाव लिवा. माझं पोरगं मरूस्तवर मान खाली घालून फिरलं. आता तरी त्याला सोडवा.'