बिल नको, ताई

"बिल नको, ताई. पैसे पाठवलेत, बघा," सोमेशनं याही खेपेला फोनवर तेच सांगितलं आणि प्रीतीच्या कपाळाला आठी पडली.

येडशीच्या घरातली मागची खोली गोधड्यांनी मढवून प्रीती तिथं आवाजाचं काम करायची. कपड्याच्या दुकानांच्या जाहिराती, रिक्षाच्या भोंग्यावरच्या सूचना, यात्रेची निमंत्रणं. बोलायला कितीसा वेळ लागतो? खरी मेहनत बिल पाठवल्यावर सुरू व्हायची. "बघू की पुढच्या आठवड्यात." "चार वाक्यांचे एवढे?" "आपल्या माणसाला कसलं बिल!" पैसे सुटेपर्यंत तिचा गोड आवाज पार कडू व्हायचा.

सोमेश मात्र मागेल तेवढे आगाऊ टाकायचा. घासाघीस नाही, उशीर नाही. असलं गिऱ्हाईक देव कुणाला देतो का? प्रीतीला पक्कं वाटायला लागलं की पाणी कुठंतरी मुरतंय.

कामही चमत्कारिक होतं. दुकानाचं नाव नाही, सेल नाही, सवलत नाही. नुसते लेकीनं अव्वाला, म्हणजे आईला, धाडलेले निरोप. "अव्वा, जेवलीस का?" "अव्वा, गोळी चुकवू नको." "इथं रेंज नसती गं, म्हणून निरोप टाकते." प्रीतीचं आजोळ तुळजापूरकडचं, त्यामुळं तिच्या मराठीला कानडीचा हलका हेल होता. सोमेशला नेमका तोच हवा होता. "तुमच्या साड्यांच्या जाहिरातीत हाय, तस्साच," तो पहिल्यांदा म्हणाला होता.

तिचे हिशेब बघणारी मंजुषा ऐकून उखडलीच. "बिल नको म्हणणारा एक तर साधू असतो, नाहीतर चोर. लेकीचा आवाज काढून म्हाताऱ्या माणसांना लुबाडतात हल्ली. उद्या पोलिसांनी खातं गोठवलं तर बसशील बोंबलत. नाव-पत्ता घालून बिल कर, त्याच्या हातात दे आणि सही घे."

पत्ता दिल्याशिवाय पुढचं काम नाही, असं प्रीतीनं सोमेशला बजावलं. त्यानं बरेच आढेवेढे घेतले, पण दिला. रविवारी ती सरळ अणदूरला जाऊन थडकली.

दारात तिला बघून सोमेशचा चेहरा पांढराफटक पडला. कपाळावर भस्म, अंगात इस्त्रीचा सदरा. माणूस चांगला घरंदाज दिसत होता. चोर काय कपाळावर लिहून फिरतो होय, असं मनाशी म्हणत प्रीतीनं बिल पुढं केलं.

"कोण आलंय रं?" आतून थकलेला आवाज आला.

सोमेशनं झटकन हात जोडले. "ताई, पाया पडतो," तो कुजबुजला. "आत या, बघा सगळं. पण एक शब्द बोलू नका."

आत बाजेवर एक म्हातारी बसली होती, त्याची आई इरम्मा. दोन्ही डोळे मोतीबिंदूनं पांढरे झालेले, उशाशी मोबाईल. समोरच्या भिंतीवर एका तरुण मुलीचा फोटो होता आणि फोटोला चंदनाचा हार. म्हातारीला तो दिसणं शक्यच नव्हतं. प्रीतीला मात्र दिसला आणि तिच्या डोक्यातला राग खाडकन उतरला.

"बँकेच्या बाई आल्यात, अव्वा," सोमेश म्हणाला.

इरम्मानं चाचपडत प्रीतीचा हात धरला. "बाई, तुमी तरी सांगा ह्याला. रस्त्याकडचं रान म्या माझ्या रंजूला ठेवलंय. ती सांगंल तवाच अंगठा देईन, न्हाईतर न्हाय."

बोलून पोट भरणाऱ्या प्रीतीला तिथं हूं की चूं करता येत नव्हतं. ती नुसता तो हात दाबत राहिली. तिचे डोळे भरून आले.

बाहेर लिंबाखाली आल्यावर सोमेशनं उपरण्यानं तोंड पुसलं. "शिवरंजनी, माझी धाकटी बहीण. घरात तिचं नाव काढत न्हाय आता कुणी. अव्वाला काय सांगू? सांगितलं तर जगायची न्हाय ती."

"आणि ते अंगठ्याचं?"

"मोतीबिंदू हाय ना. ऑपरेशनच्या आधी दवाखान्याला अंगठा लागतोय. अव्वाला कुठलाबी कागद रानाचाच वाटतो. रंजूनं एकदा दे म्हणलं, तर देईल." त्यानं खिशातला फोन काढला. "तेवढं शेवटचं करून द्या, ताई. मग तुमाला तरास देणार न्हाय."

प्रीतीला स्वतःची लाज वाटली. बिचारा आईसाठी जीव टाकतोय आणि आपण त्याला चोर ठरवून बसलो! तिनं बिल टराटरा फाडलं.

"याचं बिल नाही, भाऊ. आणा तो फोन."

लिंबाच्या सावलीत उभं राहून, आजवर कुठल्या जाहिरातीत लावला नसेल इतका जीव लावून ती बोलली, "अव्वा, मी रंजू. दादा म्हणतोय त्या कागदावर अंगठा दे. माझी काय हरकत न्हाय." सोमेशनं वाकून नमस्कार केला आणि लगबगीनं आत गेला.

रविवार, खंडोबाचा वार. स्टँडवर भंडाऱ्यानं पिवळी झालेली माणसं एसटीची वाट बघत होती. प्रीतीला कसं हलकं हलकं वाटत होतं. मंजुषाला चांगली झापायची म्हणून तिनं फोन काढला.

"ताई, जरा थांबता का?"

प्रीती दचकली. आवाज थेट तिचाच होता, तोच हेल, तोच खर्ज. तिनं मागं वळून बघितलं. भिंतीवरच्या फोटोतली मुलगी, कडेवर तान्हं पोर घेऊन समोर उभी होती.

"आमच्या घरातनं निघताना बघितलं तुमाला," ती म्हणाली. "मनाविरुद्ध लगीन केलं म्हणून दादा मला दारात उभं करत न्हाय. माझी अव्वा बरी हाय न्हवं?"