वेलीला आवतण

मैनीचा ताप उतरेना. संध्याकाळी रैजीने लेकीचा घाम टिपलेलं फडकं अंगणातल्या वेलीला बांधलं. म्हाताऱ्या वैदूने, लालसूबाबाने, वेलीपुढे तांदूळ ठेवून आवतण दिलं, "पोरीसाठी ये गं, माय." दवाखान्याची वेल असली म्हणून काय, न बोलावता पान तोडू नये!

दवाखान्याने घरोघर लावलेली ही वेल घामातला हिवताप ओळखायची, आणि ज्याचं त्याचं औषध रातोरात एकेका पानात भरायची. ते पान लाल व्हायचं.

सकाळी दोन पानं लाल होती.

"पोर तर एकच आहे, बाबा."

"आणि फडकं बांधणारीच्या हाताला घाम नव्हता होय, खुळे? दुसरं तुझं."

तीन दिवसांची कणकण रैजीने कुणालाच सांगितली नव्हती. मैनीला तिचं पान चावायला देऊन तिने आपलं तोडलं, आणि वेलीला हलकेच म्हणाली, "तू तरी विचारलंस गं, बाई."