गोठ्यातलं इंजिन

गाडीचं डिझेल इंजिन जाम झालं, म्हणून मिस्त्रीनं ते उतरवून नगरहून आणलेलं जुनं इंजिन बसवलं. जाम झालेलं मी भंगारात घालणार होतो, पण आई आडवी आली आणि तिनं ते गोठ्यात ठेवून घेतलं.

खंडेनवमीला तिनं त्यालाच हळद-कुंकू लावलं, झेंडूचा हार घातला. गाडीतल्या इंजिनाला बोटसुद्धा लावलं नाही.

मी चिडलो. "अगं, चालतंय ते गाडीत हाय. हे मेलंय!"

"ते परक्याचं हाय," आई म्हणाली. "आपलं हेच."

तेव्हापासून आमची मांजर गोठ्यातल्या इंजिनावर झोपायला लागली. तिला तिथं ऊब मिळते, असं आई सांगायची. मी हसण्यावारी न्यायचो.

आज भर उन्हात काष्टीच्या बाजाराला आलो. गाडी बंद केली, पाणी बघायला बॉनेट उघडलं आणि चुकून इंजिनाला हात लागला. मी झटक्यात मागं घेतला. पण भाजलं नव्हतं. इतकी गाडी पळवूनही ते माठासारखं थंडगार होतं.

तेवढ्यात आईचा फोन आला.

"हात पोळला रं माझा! गोठ्यातलं इंजिन सकाळपास्नं धडधडत हुतं. आत्ता बंद पडलं."

फोन कानाला तसाच धरून मी खिडकीतून हात घातला आणि चावी फिरवली.

गाडी थरथरू लागली. उघड्या बॉनेटखालचं इंजिन मात्र गप्पच होतं.

धडधड फोनमधून येत होती.